आधी उतारा, मग प्रवचन : पवित्र शास्त्राचा अभ्यास करण्याचा क्रम

नाशिकमधल्या घरगुती बायबल-अभ्यासगटांत एक गोष्ट वारंवार दिसते. वह्या भरलेल्या असतात. रविवारचा संदेश, यूट्यूबवरचे प्रवचन, बाळ येशूच्या यात्रेत ऐकलेले फादरांचे बोल, सगळे लिहून ठेवलेले असते. पण त्यातला एखादा मुद्दा दाखवून "हे शास्त्रात कुठे आहे?" असे विचारले, की पाने चाळली जातात आणि उत्तर येते, "पाळक म्हणाले होते ना." सांगणारा प्रामाणिक असतो, ऐकणाराही मनापासून ऐकतो. चुकतो तो क्रम. प्रवचन आधी ऐकले जाते, उतारा नंतर उघडला जातो, आणि पुष्कळदा उघडलाच जात नाही.

हा लेख कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्हीकडच्या वाचकांसाठी आहे. सांगणे एकच : उतारा आधी स्वतः वाचा, मग प्रवचन ऐका, मग पुन्हा उताऱ्याकडे या. मधली एकही पायरी गाळू नका.

पाळकांचे बोलणे तपासून पाहणे म्हणजे त्यांचा अपमान, असे अनेकांना मनातून वाटते. त्यांनी प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचावे. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे ऐकल्यावर रोज शास्त्र उघडून ते खरे आहे का हे पाहिले, आणि त्याबद्दल तिथे त्यांची स्तुतीच केली आहे.

## तयारी

छापील पवित्र शास्त्र. वचन शोधायला फोनवरचे अॅप सोयीचे आहे. अभ्यासाला मात्र छापील प्रत घ्या. पानावर मागचा-पुढचा मजकूर आपोआप नजरेस पडतो. फोनवर वचन सुटे होऊन येते आणि सुटेच डोक्यात बसते.

दुसरे भाषांतर. एखादी ओळ अडली तर पाहण्यापुरते. रोजचे वाचन एकाच प्रतीतून करा, म्हणजे कोणते वचन पानावर कुठे आहे हे ध्यानात राहते.

वही. मोठी घ्या, आडवी धरा आणि तीन रकाने आखा : "उताऱ्यात आहे", "प्रवचनात आले", "तपासायचे". सगळा अभ्यास या तीन रकान्यांवर चालतो, म्हणून ते रविवारच्या आधीच आखून ठेवा. चर्चमध्ये बसून आखायला गेलात तर ते कधीच आखले जाणार नाहीत.

प्रवचनाची निवड. सुरुवात करणाऱ्यांनी एक सलग उतारा घेऊन तो उलगडणारे प्रवचन निवडावे. विषय घेऊन त्यावर ठिकठिकाणची वचने जोडणारी प्रवचने वाईट नसतात, पण दहा-बारा संदर्भ तपासता तपासता नवखा माणूस दमतो. असे प्रवचन वाट्याला आलेच तर ज्या दोन-तीन वचनांवर त्याचा सगळा भार आहे तेवढीच निवडा.

*सावधान :* मिनिटभराच्या क्लिपवर अभ्यास करू नका. तिच्यात उतारा कोणता ते नसते, आधीचे वाक्यही नसते. क्लिप आवडली तर पूर्ण प्रवचन शोधा. ते सापडत नसेल तर ती क्लिप अभ्यासाच्या वहीत घेऊ नका.

मिश्र गटांसाठी एक सूचना. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबीत किंवा मक्काबीचा संदर्भ आला आणि तुमच्या प्रतीत सापडला नाही, तर सांगणारा चुकला असे धरू नका. काही कॅथलिक प्रतींत स्तोत्रांचा क्रमांकही एकने मागे असतो. "प्रभू माझा मेंढपाळ" हे २३ वे स्तोत्र तिथे २२ वे म्हणून दिसू शकते.

## टप्पा १ : उतारा कोणता, हे रविवारच्या आधी माहीत करून घ्या

कॅथलिक चर्चमध्ये हे सोपे आहे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. 'अ' वर्षात मुख्यतः मत्तय, 'ब' मध्ये मार्क, 'क' मध्ये लूक. योहानाचे शुभवर्तमान विशेषतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आणि पास्काकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) येते. ज्या सनाला ३ ने पूर्ण भाग जातो ते 'क' वर्ष. म्हणजे २०२५ 'क', २०२६ 'अ', २०२७ 'ब'. फक्त हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आदल्या आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. डिसेंबरमध्ये हमखास चुकीचे पान उघडले जाते ते यामुळे.

इथेच आणखी एक चूक होते. तिन्ही वाचनांचा धागा एकच असणार असे धरून लोक दुसऱ्या वाचनालाही ओढूनताणून त्यात बसवतात. सामान्यकाळात, म्हणजे सणांचे हे काळ सोडून उरलेल्या रविवारी, पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेले असते. दुसरे वाचन मात्र एखाद्या पत्रातून रविवारमागून रविवार पुढे सरकत असते. ते जुळले तर आनंद, नाही जुळले तर जुळवू नका.

शरणपूरसारख्या जुन्या प्रॉटेस्टंट वस्तीतली मंडळी असो की सिडकोतली छोटी प्रार्थनासभा, पाळकांना शुक्रवारपर्यंत फोन करून पुढचा उतारा विचारा. बहुतेक पाळकांना या प्रश्नाने बरेच वाटते. उतारा आधी कळणारच नसेल तर उपासनेत फक्त संदर्भ टिपा, घरी आल्यावर उतारा वाचा, आणि टिपणे त्यानंतर उघडा.

संदर्भ टिपताना पुस्तकाचे नाव पूर्ण लिहा. "यो. ४:८" एवढेच लिहिले की घोळ होतो. देव प्रीती आहे हे १ योहान ४:८ मध्ये आहे. योहान ४:८ उघडाल तर शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेल्याचे वाचायला मिळेल. तीत आणि तीमथ्य, यहूदा आणि यहोशवा यांचेही असेच होते.

## टप्पा २ : प्रवचनाआधी उतारा तीनदा वाचा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. त्याला वेळही सगळ्यात जास्त द्या.

पहिले वाचन मोठ्याने, न थांबता. पेन्सिल बाजूला ठेवा.

दुसरे वाचन चार प्रश्न घेऊन. कोण बोलतो आहे? कोणाशी? केव्हा आणि कुठे? आधी काय घडले आणि नंतर काय घडणार आहे? उत्तरे पहिल्या रकान्यात लिहा. चौथ्या प्रश्नासाठी निदान एक अध्याय मागे जा. अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत, ते शेकडो वर्षांनी आले. त्यामुळे अध्याय बदलला म्हणजे बोलणे संपले असे नसते.

तिसरे वाचन प्रकार ओळखण्यासाठी. दाखला आहे, पत्र आहे, स्तोत्र आहे, नियमशास्त्र आहे की संदेष्ट्याचे बोल? स्तोत्रातली ओळ कायद्याच्या कलमासारखी वाचली किंवा दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला वेगळा अर्थ चिकटवला, की पुढचे सगळेच वाकडे जाते.

आपल्याकडच्या माणसाला जवळचा उतारा घेऊ : योहान १५:१-८. खरा द्राक्षवेल, माळी असलेला पिता आणि फाटे. 'ब' वर्षात पास्काकाळाच्या पाचव्या रविवारी तो वाचला जातो, आणि त्या सुमारास निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत खरड छाटणी चालू असते.

चार प्रश्न लावून पाहा. बोलणारा येशू. ऐकणारे शिष्य, पण बाराजण नव्हेत, कारण १३:३० मध्ये येशूला धरून देणारा यहूदा बाहेर पडला आहे आणि तेव्हा रात्र होती. म्हणजे हे शेवटच्या भोजनाच्या रात्रीचे बोलणे आहे आणि पुढे अटक आहे. १४:३१ च्या शेवटी "उठा, इथून जाऊ" असे आहे आणि लगेच वेलाचे बोलणे सुरू होते. १५:१ पासून वाचणाऱ्याच्या हे ध्यानातच येत नाही. गुरू जाणार, मग आपण त्याच्याशी जोडलेले कसे राहणार, या काळजीत बसलेल्या माणसांना तो "माझ्यामध्ये राहा" असे परत परत सांगतो आहे. पहिल्या रकान्यात एवढे आले, की रविवारच्या प्रवचनातला प्रत्येक मुद्दा कुठे ठेवायचा हे कळू लागते.

*तपासणी :* शास्त्र बंद करून उतारा आपल्या शब्दांत चार वाक्यांत सांगता येतो का? येत नसेल तर प्रवचन ऐकायची वेळ आलेली नाही. परत वाचा.

## टप्पा ३ : प्रवचन ऐकताना काय लिहायचे

सगळे लिहू नका. शब्दन् शब्द टिपणाऱ्याचे कान बंद होतात. तीनच गोष्टी टिपा : प्रवचनकाराचा मुख्य मुद्दा, त्याने तो कोणत्या वचनावर उभा केला, आणि दिलेले उदाहरण. उदाहरणाभोवती चौकट करा. ही चौकट फार महत्त्वाची आहे, कारण वर्षभराने उदाहरण लक्षात राहते आणि उतारा विसरतो, आणि मग उदाहरणच शास्त्र म्हणून सांगितले जाते.

समजा पाळक सांगतात : "आपल्या बागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. देवही तशाच दोन छाटण्या करतो." उदाहरण सुरेख आहे, ओलांड्यावर (वेलाच्या आडव्या खोडावर) कात्री चाललेली ज्याने पाहिली आहे त्याला ते भिडेल. पण दोन छाटण्या आपल्या बागेतल्या आहेत, योहानात नाहीत. तिथे एवढेच आहे की फळ न देणारा फाटा काढून टाकला जातो आणि फळ देणारा अधिक फळासाठी साफसूफ केला जातो. दोन छाटण्या दुसऱ्या रकान्यात, चौकटीत. पहिल्या रकान्यात त्यांना जागा नाही.

सभेत पाहुणे प्रवचनकार हिंदीत किंवा इंग्रजीत बोलत असतील आणि दुभाषी मराठीत सांगत असेल, तर वहीत तसे नोंदवा. घाईत वचनाचा आकडा चुकतो, वाक्य अर्धे राहते. रेकॉर्डिंग ऐकत असाल तर वेग वाढवू नका. वचन आले की थांबवा, शास्त्रात ते शोधा, मग पुढे जा. प्रवचनकार, तारीख आणि उतारा पानाच्या माथ्यावर लिहा.

*सावधान :* ऐकताना डोळे भरून आले म्हणजे मुद्दा उताऱ्यात आहेच असे नाही. हेलावलेले मनही खरे असते, त्याबद्दल देवाचे आभार माना. पण तपासायचे ते तपासाच.

## टप्पा ४ : त्याच दिवशी उताऱ्याकडे परत या

सोमवार उजाडू देऊ नका. दुपारच्या जेवणानंतर किंवा संध्याकाळी अर्धा तास काढा आणि दुसऱ्या रकान्यातला एकेक मुद्दा घेऊन विचारा : हा या उताऱ्यात आहे का? उताऱ्यातून सरळ निघतो का? की शास्त्रात दुसरीकडे आहे? की कुठेच नाही?

वेलाच्या उताऱ्यात "फळ" म्हणजे काय, हे पाहा. एक पाळक म्हणतील, नवे आत्मे जिंकणे. दुसरे गलतीकरांस ५:२२ वाचून आत्म्याचे फळ सांगतील. तिसरे धंद्यातली बरकत म्हणतील. आता १५:८ वर न थांबता १५:१७ पर्यंत वाचा. आज्ञा पाळणे, प्रीतीत राहणे, एकमेकांवर प्रीती करणे, हेच पुन्हा पुन्हा येते. गलतीकरांसच्या यादीतही प्रीती पहिली आहे. त्या रविवारचे दुसरे वाचन १ योहान ३:१८-२४ आहे, आणि तेही शब्दांनी नव्हे, कृतीने प्रीती करण्याबद्दल आहे. नवे लोक जोडण्याबद्दल १५:१६ मधले "जाऊन फळ द्यावे" हे शब्द आधार देऊ शकतात, म्हणून तो मुद्दा "तपासायचे" मध्ये ठेवा. बरकतीला या उताऱ्यात आधार नाही. तो मुद्दा खोडा.

मग मागे जा. यशया ५:१-७ आणि ८० वे स्तोत्र वाचा. इस्राएलाला तिथे द्राक्षमळा आणि द्राक्षवेल म्हटले आहे, आणि यशयातल्या मळ्याने तर वाईट द्राक्षे दिली. येशू स्वतःला "खरा" वेल का म्हणतो, हे त्यानंतर उमगते. मला विचाराल तर या उताऱ्यावरच्या प्रवचनांत सगळ्यात जास्त राहून जाते ते हेच, आणि समासातले संदर्भ पाहिले तर कोणालाही ते सापडते.

### प्रवचनांतून पसरलेल्या, पण शास्त्रात नसलेल्या गोष्टी

काही गोष्टी इतक्या वेळा ऐकलेल्या असतात की त्या तपासाव्यात असे वाटतच नाही. पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी लोक) तीनच होते, असे मत्तय २ मध्ये नाही. भेटी तीन होत्या. ते राजे होते, असेही नाही. एदेन बागेतले फळ सफरचंद होते, हे उत्पत्ती ३ मध्ये नाही. दिमिष्काच्या वाटेवर शौल (म्हणजेच पौल) घोड्यावरून पडला असे चित्रांत दिसते, पण प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये घोडा नाही.

हे निरुपद्रवी आहे. पण सुईच्या नेढ्याचे तसे नाही. मत्तय १९:२४ वर बोलताना सांगितले जाते, की यरुशलेमेला "सुईचे नेढे" नावाचा लहान दरवाजा होता आणि ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई. येशूच्या काळात असा दरवाजा होता याला पुरावा नाही. आणि ही गोष्ट उताऱ्याचा अर्थच उलटा करते. पुढची दोन वचने वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? येशू सांगतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य आहे. उंट गुडघे टेकून जाऊ शकत असेल तर ते अशक्य राहत नाही, नुसते अवघड होते, आणि "देवाला शक्य" या शब्दांना काही कामच उरत नाही. गोष्ट खरी की खोटी हे ठरवायला इतिहासाचे पुस्तक हाताशी नसले तरी चालते. पुढची दोन वचने वाचली तरी शंका येते.

### सुटे वचन

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन म्हणून यिर्मया २९:११ अनेकांच्या हाती येते : हिताच्या, भविष्याच्या आणि आशेच्या संकल्पाचे वचन. ते जपून ठेवाच. पण सगळा २९ वा अध्याय वाचा. हे पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना आहे. १० व्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ५ ते ७ मध्ये तिथेच घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. यंदा सगळे मनासारखे होईल असा त्याचा अर्थ नाही. लांबलेल्या दुःखातही देव सोडत नाही, हा आहे, आणि कठीण वर्षात तोच टिकतो.

दहावी-बारावीच्या परीक्षेआधी मुलांच्या हातात येणारे फिलिप्पैकरांस ४:१३ असेच. ११ आणि १२ व्या वचनांसह वाचा. उपासमार असो की भरपूर असो, दोन्हींत समाधानी राहायला बंदिवासातला पौल शिकला आहे. कमी गुण मिळालेल्या मुलालाही हे वचन तितकेच लागू आहे. त्याला ते समजावून सांगा.

*सावधान :* "आजार म्हणजे देवाची छाटणी" असे वाक्य वहीत असेल, तर ते रुग्णाच्या खाटेपाशी नेऊ नका. योहान १५ मध्ये आजाराचे नाव नाही. आणि योहान ९:१-३ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी पापाचा हिशेब मांडला, तेव्हा येशूने तो मोडून काढला. कर्करोगाने पिडलेल्या माणसाला अर्धवट ऐकलेल्या वाक्याने आणखी जखमी करणे, ही अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक.

## टप्पा ५ : त्याच उताऱ्यावर दुसरे प्रवचन

हे पहिल्यानंतर काही दिवसांनी, आणि शक्यतो दुसऱ्या परंपरेतले ऐका. कॅथलिकांनी एखाद्या पाळकांचे, प्रॉटेस्टंटांनी एखाद्या फादरांचे. दोघे जिथे सहमत आहेत तिथे खूण करा. जिथे वेगळे आहेत तिथे भांडण उताऱ्याच्या अर्थाचे आहे की मंडळीच्या शिकवणुकीचे, एवढे ओळखा. एका उताऱ्यावर दोनच प्रवचने पुरेत. पाच ऐकणारा पुन्हा फक्त श्रोता होऊन बसतो.

## टप्पा ६ : प्रवचनकाराला विचारा

उपासना संपताच दारात, हस्तांदोलनाच्या रांगेत विचारू नका. आठवड्यात वेळ घ्या. "तुम्ही चुकलात" असे म्हणण्यापेक्षा "पाळक, हा मुद्दा मला उताऱ्यात सापडला नाही, कुठे पाहू?" असे विचारा. बरेचदा ते दुसरे वचन दाखवतात आणि आपलाच रकाना सुधारतो. कधी तेही म्हणतात, पाहून सांगतो. दोन्हींत नुकसान नाही.

## टप्पा ७ : गटात मांडताना

महिला मंडळ असो, तरुण संघ असो की बुधवारची घरगुती प्रार्थना, आधी उतारा सगळ्यांनी मिळून वाचा आणि दहा मिनिटे कोणीही प्रवचनाचे नाव काढू नये. वाचता न येणाऱ्या आजींसाठी दुसऱ्याने सावकाश, दोनदा वाचावे. ऐकून सांगितलेले त्यांचे निरीक्षण पुष्कळदा सगळ्यांत नेमके असते. मग पहिला रकाना मांडा, मग दुसरा. बोलताना "शास्त्र म्हणते" आणि "पाळक म्हणाले" हे शब्द अदलाबदल करून वापरू नका.

एका बैठकीला एक उतारा. तिसऱ्या रकान्यात राहिलेले प्रश्न महिन्याच्या शेवटी एकत्र वाचा. त्यातले काही मधल्या वाचनांत सुटलेले असतील, त्यांच्यापुढे वचन लिहा. उरलेले पुढच्या पानावर उतरवून घ्या आणि पुढच्या रविवारचा उतारा काढा.